लहानपणी गप्प राहिलो, आता चाळिशीत स्वतःला माफ कसं करू?

तुम्ही लिहिलंय, नवव्या वर्षी नात्यातल्याच माणसाने छळलं आणि 'तेव्हा ओरडलो का नाही' हे अजून डोक्यातून जात नाही. मी मालवणकडचा. याच प्रश्नात वीस वर्षं अडकलो होतो.

भीतीत शरीर लढतं, पळतं किंवा थिजतं. थिजणं आपण ठरवत नाही, ते आपसूक होतं. हे वाचून कळलं होतं, पण पटलं ते पुतण्या नऊ वर्षांचा झाला तेव्हा. चपला उलट्या घालून अंगणात पळणारं पोर! त्याच्या बाबतीत असं झालं असतं तर मी त्याला 'गप्प का बसलास' विचारलं असतं? त्या दिवशी पडवीत बसून पहिल्यांदा रडलो.

गणपतीचं मात्र अवघड. मूळ घरात सगळे जमतात, मला छळणारा तो माणूसही येतो, वर कोणीतरी 'पाया पड' म्हणतंच. मी दोन वर्षं गेलोच नाही. देव रागावला नाही, काकी रागावली. आता आरतीपुरता जातो आणि रात्री मित्राकडे झोपतो. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. स्वतःला माफ करायला त्याची गरजही पडली नाही.

एकट्याने मात्र ओढू नका. 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, नावाला बिचकू नका. गावातलं कोणी बघेल ही धास्ती मलाही होती, म्हणून मी फोनपासूनच सुरुवात केली.