एक मिलिमीटरचा पत्रा आणि पणजोबांचा कॅरिअर

तुमचा प्रश्न वाचला. घरात पणजोबांचा फोटो सापडलाय: पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, इटली, १९४५ चा वसंत. एका छोट्या, उघड्या, ट्रॅकवाल्या गाडीला टेकून ते उभे आहेत. तीच गाडी बनवायची म्हणून तुम्ही एअरफिक्सचं जुनं १/७६ (खऱ्याच्या ७६ पट लहान) ब्रेन गन कॅरिअरचं प्लॅस्टिक किट घेतलंत आणि आता विचारताय की फोटो-एचचा, म्हणजे पितळी पत्र्यातून कोरलेल्या बारीक भागांचा, कुठला सेट मागवू आणि रंगाचा नंबर काय.

माझं उत्तर असं की दोन्ही आत्ता मागवू नका. निदान महिनाभर तरी नको. कटर, पॉलिश पेपर आणि तो फोटो एवढ्यावर निम्मं काम होतं.

आधी गाडीची ओळख पक्की करू. फोटोत खाली दोन चाकं एका जोडीत आणि तिसरं मागे एकटं दिसतंय, म्हणजे ब्रिटिश कॅरिअरच. पण ब्रेन कॅरिअर आणि युनिव्हर्सल कॅरिअर या दोन वेगळ्या गाड्या. ब्रेन कॅरिअरला मागे फक्त डाव्या बाजूला माणसं बसायची जागा होती. युनिव्हर्सलला मधल्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना चिलखती कप्पे. सैनिक मात्र शेवटपर्यंत दोन्हींना ब्रेन कॅरिअरच म्हणत राहिले, आणि बरेचसे किटवालेही. तुमच्या फोटोत उजवी बाजू दिसतेय आणि मागच्या टोकापर्यंत पत्रा वर चढलाय. म्हणजे युनिव्हर्सल. हा एक लाखाहून जास्त बनला, तेव्हा १९४५ मध्ये इटलीत दुसरं काही दिसलं असतं तरच नवल.

तुमच्या किटच्या डब्यात सोबत ६ पौंडर रणगाडाविरोधी तोफ आहे ना? ती बाजूला ठेवा. ब्रिटिश पायदळात ती ओढायला बहुतेक लॉइड कॅरिअर असायचा. तोफ चांगली आहे, पुढे कधीतरी उपयोगी पडेल.

आता मुख्य मुद्दा, जो मला समजायला सहा-सात मॉडेलं लागली. युनिव्हर्सल कॅरिअरचं चिलखत होतं ७ ते १० मिलिमीटर. १/७६ मध्ये १० मिलिमीटर म्हणजे ०.१३ मिलिमीटर, जाडसर कागदाएवढं. किटच्या भिंती मोजून बघा, जवळपास १ मिलिमीटर भरतील. म्हणजे तुमच्या कॅरिअरला खऱ्या मापात ७६ मिलिमीटरचा पत्रा लागलाय. मॅटिल्डा रणगाड्याचं सगळ्यात जाड चिलखत ७८ मिलिमीटर होतं! बाकी सगळं अचूक करा, हजार रुपयांचं पितळ चिकटवा, तरी हे मॉडेल साबणाच्या डबीसारखं दिसणार, आणि का ते बघणाऱ्याला सांगताही येणार नाही. कॅरिअर वरून उघडा असल्यामुळे हा दोष झाकायलाही जागा नाही.

भिंत पूर्ण पातळ करायची गरज नसते. डोळा जाडी फक्त कडेवर वाचतो. म्हणून आतल्या बाजूने, वरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खालपर्यंत उतार काढा. टोकदार पात्याचा कटर जवळजवळ उभा धरून खरवडत जा, कापू नका. कड अर्धपारदर्शक दिसायला लागली की थांबा. मग ४०० आणि ६०० चा पॉलिश पेपर आईस्क्रीमच्या काडीला चिकटवून हलक्या हाताने. बाहेरच्या बाजूला हात लावू नका, तिथे रिव्हेट आहेत. तरी काही उडतातच. त्यांच्या जागी सुईच्या टोकाने फेविकॉलचे ठिपके द्यायचे. वाळल्यावर ठिपका बसतो आणि रंगाखाली हुबेहूब रिव्हेट दिसतो. माझा पहिला कॅरिअर मी एका रात्रीत खरवडला आणि ड्रायव्हरच्या बाजूची भिंत आरपार गेली. रोज अर्धा तास, बस्स.

फोटो-एच म्हणजे सपाट पितळ. जाळी, कंस, बिजागऱ्या यांना उत्तम. हँडल, रॉड, ब्रेन मशीनगनची नळी अशा गोल वस्तूंना ते निरुपयोगी, कारण बाजूने पाहिलं की पट्टी दिसते. त्यासाठी विजेच्या वायरमधली तांब्याची तार घ्या, किंवा मेणबत्तीवर स्प्रू (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडलेले येतात ती) तापवून ताणा. औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीमागचा अॅल्युमिनिअमचा पापुद्रा पट्टे आणि बकल यांना पितळापेक्षा बरा, बोटाने वळतो.

आतला भाग सोडू नका. उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे पुढे आलेल्या खोक्यात गनर, मध्ये मागे फोर्ड व्ही-८ चं झाकण. किटमध्ये यातलं जे आहे ते ढोबळ आहे. इंजिनाच्या झाकणाच्या कडा धारदार करा, दोन्ही कप्प्यांत ब्रेनच्या मॅगझिनच्या (गोळ्यांच्या) पेट्या ठेवा, एवढं पुरे. माणसं बसवणार असाल तर आधीच पाय कापून तपासून घ्या. पाच फूट सहा इंची माणूस १/७६ मध्ये २२ मिलिमीटर होतो, १/७२ मध्ये २३.३. फरक किरकोळ वाटतो, पण दोन्ही स्केलची माणसं शेजारी बसली की एकाचं डोकं मोठं दिसतं. गाडीचंही तसंच: १२ फुटांचा कॅरिअर इकडे ४८ मिलिमीटर, तिकडे जवळपास ५१. एका तळावर दोन्ही नकोत. (ही दोन स्केल का, असं नवीन लोक नेहमी विचारतात. १/७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच. १/७६ म्हणजे एका फुटाला ४ मिलिमीटर, ते ब्रिटिश ओओ रेल्वे मॉडेलांतून आलं.)

ट्रॅकबद्दल एक गंमत. कॅरिअरला चक्क मोटारीसारखं स्टिअरिंग होतं. थोडं फिरवलं की पुढची दोन चाकांची जोडी बाजूला सरकायची आणि ट्रॅक धनुष्यासारखा वाकायचा, गाडी सौम्य वळण घ्यायची. जास्त फिरवलं की एका बाजूला ब्रेक लागायचा. म्हणजे चिखलात तिरपी उभी गाडी दाखवायची असेल तर ट्रॅकला किंचित बाक देणं ही चूक नाही, ते बरोबरच आहे. मी अजून एकदाच जमवलंय. जुन्या किटचे मऊ ट्रॅक सिमेंटने चिकटत नाहीत आणि रंगही सोडतात. आधी भांडी घासायच्या साबणाने धुवा. टोकं सूचनेप्रमाणे गरम स्क्रू-ड्रायव्हरने दाबण्यापेक्षा दोऱ्याने शिवा आणि शिवण वर, पत्र्याच्या आडोशाला न्या. सगळी चाकं जमिनीला टेकलीच पाहिजेत. रंगाआधी काचेवर ठेवून खालून कागद सरकवा. ज्या चाकाखालून सरकेल तिथे गाडी तरंगतेय.

रंग. इथे मी तुम्हाला माझी लाज सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी एक मॅटिल्डा उत्तर आफ्रिकेच्या तिरप्या पट्ट्यांत केली, ब्रिगेडिअर काँटरच्या नावाने ओळखली जाणारी ती योजना. मधला पट्टा मस्त आकाशी निळा. तेव्हा सगळेच तसा करायचे, कारण संग्रहालयातली मॅटिल्डा तशी रंगवलेली होती. पण मूळ रंग होता सिल्व्हर ग्रे २८, हिरवट राखाडी. निळा रंग पुढे कधीतरी संग्रहालयात लागला आणि तिथून जगभरच्या मॉडेलांवर पसरला. तेव्हापासून माझा नियम असा की प्रदर्शनातल्या गाडीकडून आकार घ्यायचा, रंग नाही. आपल्या नगरच्या (आता अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल उभे आहेत. जरूर जा. ओतीव पोलादाच्या टरेटचा (तोफेच्या फिरत्या मनोऱ्याचा) खरखरीतपणा जवळून बघा, बोल्टची डोकी किती बारीक असतात ते बघा. अंगावरचा रंग मात्र तिथेच ठेवून या.

तुमच्या गाडीपुरतं सांगतो. ब्रिटनमध्ये १९४१ नंतर हिरव्या रंगद्रव्याच्या टंचाईमुळे गाड्या तपकिरी निघायला लागल्या. तो रंग एससीसी २ (एससीसी हा ब्रिटिश लष्करी रंगांचा कोड). एप्रिल १९४४ मध्ये हुकूम आला की आता ऑलिव्ह ड्रॅब, एससीसी १५, पण आधीच तपकिरी असलेल्या गाड्या केवळ त्यासाठी पुन्हा रंगवू नयेत. भूमध्य भागात १९४३ पासून लाइट मड या फिकट मातकट रंगावर काळे पट्टे अशी वेगळी योजना होती. म्हणजे १९४५ च्या इटलीत या तिन्हींपैकी काहीही शक्य आहे, आणि दुकानातला कुठलाच नंबर याचं उत्तर देणार नाही. फोटो देईल. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कळत नाही, पण एक छटा आहे की दोन, हे कळतं. पणजोबांच्या खांद्यामागे पत्र्यावर गडद नागमोडी कडा आहे का ते भिंगातून बघा. असेल तर लाइट मड आणि काळा. नसेल तर मी एससीसी १५ धरेन. एवढ्या छोट्या स्केलला डबीतला रंग तसाच लावला की मॉडेल काळवंडतं. उजळ करायला पांढरा घालू नका, खडूसारखा दिसतो. पिवळसर बफ घाला.

गाडीवर लिहिलेल्या लष्करी नंबरात कॅरिअर आणि रणगाड्यांना टी हे अक्षर, लॉऱ्यांना एल, तोफा ओढणाऱ्या ट्रॅक्टरना एच. अक्षरं साधारण साडेतीन इंचांची, म्हणजे आपल्याकडे जेमतेम १.२ मिलिमीटर. हाताने लिहायच्या भानगडीत पडू नका, रेल्वे मॉडेलांच्या डिकॅलमधून (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांमधून) एकेक आकडा कापा. बटालियन होती आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये, तिची खूण तीन क्लोव्हर. किटमधल्या डिकॅलवर ती नसेल. आणि १९४४ च्या नॉर्मंडीतल्या ब्रिटिश डिव्हिजनांचे आकडे इथे उचलून लावू नका.

सामान लादताना हात आखडा. ताडपत्री म्हणजे पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवलेला टिश्यू पेपर, वळकट्या एम-सीलच्या, कॅमोफ्लाजची जाळी म्हणजे जखमेवरच्या पट्टीचं गॉज. जाळीत गोणपाटाच्या चिंध्या असायच्या, त्यासाठी वापरलेली चहापत्ती वाळवून शिंपडा. आमच्या घरी चहाचा चोथा आता कुंड्यांना मिळत नाही, अशी तक्रार आहे. पेट्रोलसाठी जेरीकॅन ठेवा. वाळवंटातले पातळ पत्र्याचे गळके डबे १९४५ च्या इटलीत शोभणार नाहीत.

चिखलाला तारीख हवी. ब्रिटिशांची आठवी आर्मी, जिच्यात ही डिव्हिजन होती, तो हिवाळा सेनिओ नदीच्या उंच बांधांपाशी अडकून होती. ९ एप्रिल १९४५ ला हल्ला झाला, त्यात याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी, आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजच्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या संध्याकाळी बांधांवर आग ओकणाऱ्या गाड्यांत वास्प होते, म्हणजे कॅरिअरवरच बसवलेले फ्लेमथ्रोअर. फोटो फेब्रुवारीचा असेल तर चाकांच्या वरपर्यंत ओला, गडद चिखल. एप्रिलअखेरचा असेल तर वाळलेला फिकट चिखल आणि वर धूळ. धुळीला मुलतानी माती बारीक वस्त्रगाळ करून वापरा, थोडी राखाडी खडूपूड मिसळून. गेरू नको, तो ब्रह्मदेशाच्या डायोरामाला (मॉडेलांच्या देखाव्याला) राखून ठेवा. आणि मॅट व्हार्निश पावसाळ्यात फवारू नका. मुंबईच्या जुलैत मी फवारलं आणि चार महिन्यांचं काम धुक्यात गेलं, पांढरा थर काही निघेना. ऑक्टोबरपर्यंत वाट बघा.

तोवर एक करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करून टाका. त्या काळचे बरेच जण तारीख आणि गाव मागे लिहून घरी पाठवायचे. मोडीत काही असलं तर वाचून देणारे इथे दोघं-तिघं आहेत.