सूर-शंका : ‘कम ऑन ओव्हर’च्या दोन आवृत्त्या

प्रश्न (देवगड) : कॅनडाची गायिका शनाया ट्वेनच्या ‘कम ऑन ओव्हर’ची जुनी कॅसेट घरात आहे. मोबाइलवर लावलं तर गाणी तीच, पण व्हायोलिन कितीतरी जास्त. कॅसेट बिघडली का?

उत्तर : कॅसेट ठणठणीत आहे, अल्बमच दोनदा निघाला. नोव्हेंबर १९९७ची मूळ आवृत्ती अमेरिका-कॅनडाच्या कंट्री (तिकडच्या ग्रामीण लोकगीतांच्या वळणाचं संगीत) श्रोत्यांसाठी. तीत फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवायची गिटार) ठसठशीत. १९९८ साली बाकीच्या जगासाठी निर्माते मट लँग यांनी तीच वाद्यं मागे सारून पॉपचा बाज दिला. कारण निव्वळ धंद्याचं. अमेरिकेत कंट्रीची वेगळी रेडिओ स्टेशनं आहेत, बाहेर गाणं पॉप स्टेशनवरच चालावं लागतं. ओळखायला गाण्यांचा क्रम बघा. ‘यू’र स्टिल द वन’ सुरुवातीलाच असेल तर बाहेरची आवृत्ती, दहावं असेल तर मूळ. आम्हाला विचाराल तर मूळच ऐका.

या धोरणाचं फळ म्हणजे १६ पैकी १२ गाणी सिंगल म्हणून, म्हणजे सुटी, निघाली. ‘यू’र स्टिल द वन’ कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत दुसरं. ‘दॅट डोन्ट इम्प्रेस मी मच’ त्याच मुख्य यादीत सातवं.

प्रश्न (वेंगुर्ला) : ताईच्या रिसेप्शनला ‘यू’र स्टिल द वन’ बसवतोय. दोन गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. स्टील गिटार कुठून आणू?

उत्तर : आणू नका. अकूस्टिकवाल्याने पहिल्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून डी, जी, ई मायनर, ए हे कॉर्ड धरावेत. धृपद एवढ्यावर भागतं. स्टीलची गंमत अशी की एक सूर जागेवर राहतो आणि शेजारचा सरकतो. कीबोर्डचं बेंडर चाक सगळेच सूर एकदम सरकवतं, म्हणून ते खोटं वाटतं. हे काम इलेक्ट्रिकवर करा. कॅपो न लावता पहिल्या दोन्ही तारा सहाव्या पट्टीवर धरा, पहिली तशीच ठेवा आणि दुसरी बोटाने पूर्ण एक स्वर वर ओढा. तारांचा संच ०.००९ किंवा ०.०१० इंचाचा (ही पहिल्या तारेची जाडी) हवा. अकूस्टिकच्या जाड तारा एवढ्या ओढल्या जात नाहीत, सूर अर्ध्यातच अडकतो. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडा, मग हळूच वाढवा, म्हणजे छेडल्याचा टणत्कार ऐकू येत नाही.

खरा धोका ऑक्टोपॅडचा. गाण्याची लय मिनिटाला साधारण ६७ ठोके. आपल्याकडे दुसऱ्या कडव्यापर्यंत ती हमखास पळते आणि मधेच ढोलकी घुसते. कानात मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) द्या, ढोलकीचा पॅच बंदच ठेवा.

प्रश्न (मालवण) : पावसाळ्यानंतर कॅसेटच्या फितीवर पांढरी भुकटी दिसते. वाजवू का?

उत्तर : नको. ती बुरशी आहे. प्लेअरच्या हेडला (फितीवरून आवाज वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडात फीत हलकेच धरून पेन्सिलीने सावकाश गुंडाळा. हे उघड्यावर, नाकाला रुमाल बांधून करा. नंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण ते रबरी रोलरला लावू नका, रबर कडक होतं. पुढच्या पावसाळ्याआधी कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.