कंपनी म्हणते, तुम्ही कामगार नाही, पार्टनर!

प्रश्न : ताई, मी जळगावात मोटारसायकलवर जेवणाची पार्सलं पोचवतो. गेल्या महिन्यात अजिंठा चौफुलीजवळ रिक्षाने मागून उडवलं, पाय प्लास्टरमध्ये आहे. ऑर्डर बॅगेतच होती. लॉगिन नाही म्हणून कंपनीने आयडी बंद केली. विचारलं तर म्हणतात, तुम्ही कामगार नाही, पार्टनर आहात. नवीन कामगार कायद्यात भरपाई मिळेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, कंपनीचं नंतर, आधी रिक्षाचं बघा. गुन्हा नोंदवला नसेल तर आजच घरातल्या कोणाला तरी पोलिसात पाठवा. रिक्षाच्या विम्यातून भरपाई मागताना तुम्ही कोणाचे नोकर, हे कोणी विचारत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. कंपनीशी भांडण्यात लोक नेमकी हीच मुदत घालवतात.

कंपनीचा अपघात विमा आहे का तेही पाहा. त्यात बहुधा ‘ऑर्डर चालू असताना’ अशी अट असते. अ‍ॅप उघडत नसेल तर पार्सलच्या पिशवीवर चिकटवलेलं बिल शोधा. त्यावर ऑर्डर नंबर आणि वेळ असते. बँकेत जमा झालेल्या पैशांच्या नोंदीही काढून ठेवा.

आता कायदा. अमळनेरला प्रताप मिलचा भोंगा वाजायचा तेव्हा कायद्याला मालक आणि कामगार एवढंच ठाऊक होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, म्हणजे तुम्ही म्हणता त्या नवीन कायद्याने, गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची (सुटी कामं करणारे आणि तुमच्यासारखे अ‍ॅपवरून काम घेणारे) पहिल्यांदा दखल घेतली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपनीने वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची, मात्र तुम्हा लोकांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यातून विमा, आरोग्य अशा योजना. म्हणून केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नाव नोंदवाच.

पण किमान वेतन, पीएफ, नोटीस देऊन काढणं, हे हक्क संहितेने तुम्हाला दिलेले नाहीत. माझ्या मते इथे सरकारने हात आखडता घेतला. कर्नाटकने २०२५ च्या कायद्यात काढण्याआधी कारण आणि १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली. ती सोय तिथल्यांनाच. कागदावर ‘पार्टनर’ लिहिलं म्हणून कोर्ट ते डोळे झाकून मानतं असंही नाही, पण तो लढा वर्षानुवर्षांचा. तूर्तास डॉक्टरांचा दाखला जोडून आयडी सुरू करण्याची मागणी ईमेलवर करा. फोनवर बोलू नका.