वर्डमध्ये रुबाबदार, फॉर्ममध्ये भुईसपाट

प्रश्न: दोन दिवस खपून वर्डमध्ये रेझ्युमे केला. डावीकडे निळ्या पट्टीत स्किल्स, उजवीकडे नोकऱ्या, वर नाव आणि फोन, मस्त दिसत होता. एका कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पेस्ट केला आणि प्रिव्ह्यू बघते तर काय, सगळं एकाला एक चिकटलेलं आणि प्रत्येक बुलेटच्या जागी टोपीवाला ए, युरो आणि सेंटचं चिन्ह! मी तर पगाराचा आकडासुद्धा लिहिलेला नाही, हा युरो आला कुठून? दुसरीकडे फाइलच अपलोड केली तर नाव-फोनचे रकाने रिकामेच राहिले. माझं काय चुकतंय?
– वैतागलेली वाचक

उत्तर: आधी त्या युरोचं सांगतो, कारण मलाही पहिल्यांदा असाच धक्का बसला होता. तुमचा काळा गोल बुलेट आपल्याला एक चिन्ह दिसतो, पण यूटीएफ-८ मध्ये (म्हणजे अक्षरं कॉम्प्युटरमध्ये साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत) साठवताना तो ३ बाइट्स, म्हणजे साठवणीची तीन घरं, घेतो. पलीकडचं जुनं सॉफ्टवेअर एक बाइट म्हणजे एक अक्षर असं धरून वाचत बसलं की एका बुलेटची तीन अक्षरं होतात, आणि विंडोजच्या जुन्या कोष्टकात त्या तीन घरांत नेमके टोपीवाला ए, युरो आणि सेंट बसलेत. वर्ड आपल्याला न विचारता जी अवतरणचिन्हं गोल वळवतं आणि हायफनचा लांब डॅश करतं त्यांचीही हीच गत. साधं हायफन, स्टार, सरळ अवतरणचिन्ह ही मात्र आस्की या जुन्या मूळ यादीतल्या १२८ चिन्हांमधली, यूटीएफ-८ मध्येही १ बाइटचीच, त्यामुळे ती सहसा बिघडत नाहीत. बुलेटच्या जागी हायफन टाका, विषय संपला.

आता चिकटण्याचं. फॉर्मच्या साध्या चौकटीत फक्त अक्षरं जातात, बोल्ड, रंग, साइज हे सगळं दाराबाहेरच राहतं. तुम्ही साल उजवीकडे सरकवायला स्पेसबार दाबत बसला असाल (सगळेच बसतात), पण वेब पेजवर दाखवताना ओळीने आलेल्या दहा स्पेसची साधारण एकच होते. म्हणून साल खालच्या ओळीवर घ्या, हेडिंग कॅपिटलमध्ये लिहा आणि दोन भागांमध्ये एक ओळ मोकळी सोडा.

अपलोडचा घोळ वेगळाय. तिथे माणसाच्या आधी बऱ्याचदा सॉफ्टवेअर फाइल वाचून रकाने भरतं, आणि वर्डच्या हेडरमधला (पानाच्या वरच्या समासातल्या पट्टीतला) मजकूर काही सॉफ्टवेअर बघतच नाहीत. तुमचं नाव-फोन बहुतेक तिथेच असणार, ते उचलून खाली पानावर आणा. दोन कॉलमचं तर विचारूच नका, काही ठिकाणी डावं-उजवं न बघता सरळ आडवं वाचलं जातं आणि तयार होतं ‘एक्सेल अकाउंट्स असिस्टंट टॅली २०१९ ते २०२२’. एकच कॉलम ठेवा, टेबल आणि टेक्स्ट बॉक्स नकोच.

पीडीएफ की वर्ड, तर फॉर्मवर जे मागितलंय तेच द्या. पीडीएफ असेल तर माउसने नाव सिलेक्ट होतंय का बघा, नाही झालं तर ते नुसतं चित्र आहे, त्यातून अक्षरं निघतीलच असं नाही. सिलेक्ट झालं तरी एकदा कॉपी करून बघाच, कारण काही फॉन्ट इंग्रजी एफ आणि आय जोडून एकच चिन्ह करतात आणि कॉपी करताना ते गळतं, मग ‘सर्टिफाइड’च्या मधोमध भोक पडतं आणि तो शब्द सर्चमध्ये सापडत नाही.

आणि हो, मराठी मजकूर असेल तर तो युनिकोडमध्येच (सगळ्या भाषांच्या अक्षरांची जी एकच सामाईक यादी आहे तिच्यात) टाइप केलेला हवा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पोटात इंग्रजी कीबोर्डची अक्षरं असतात, फॉन्ट निघाला की नावाचं गिचमिड.

पाठवण्याआधी सगळा रेझ्युमे नोटपॅडमध्ये पेस्ट करा, त्या चौकटीत साधारण काय जाणार ते तिथे उघडं पडतं. पीडीएफमधून कॉपी केला असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर बसलेला दिसेल, ती वाक्यं हाताने जोडावी लागतात, कंटाळवाणं आहे पण दहा मिनिटांचं काम. डागडुजी तिथेच करा, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि पुढच्या फॉर्मला तीच फाइल वापरा. निळ्या पट्टीची कॉपी टाकून नका देऊ हं, इंटरव्ह्यूला प्रिंट न्यायला तीच छान.