चित्रावरून कथा लिहिण्याच्या स्पर्धेत कथेचे नुसते चित्रवर्णन होऊ नये, यासाठी काय करावे?

चित्रात जे दिसते ते परीक्षकांनाही दिसतच असते. म्हणून त्या क्षणाआधी काय घडले आणि त्यानंतर कोणाला कोणता निर्णय घ्यावा लागला, यातून कथा उभी करावी. समजा, चित्रात गोदावरीला पूर आला असून रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात आहे. बहुतेक स्पर्धक गढूळ पाणी आणि काठावरची गर्दी रंगवतील. परंतु नाशिककर त्या मूर्तीवरूनच पुराचा अंदाज घेतात, आणि मला कथेचे बीज नेमके तिथे दिसते: भांडी बाजारातला एक दुकानदार, पाणी मारुतीच्या छातीला लागेपर्यंत माल हलवायचा नाही असे ठरवून बसला आहे, कारण माल ठेवायला माळा धाकट्या भावाचाच आहे आणि दोघांचे बोलणे बंद आहे. आता पाणी चढेल तसा त्याच्या मनावरचा ताण वाढत जातो आणि ते चित्र कथेतून काढताच येत नाही. मला हीच खरी कसोटी वाटते. पात्रे दोन-तीनच ठेवावीत, शब्दमर्यादा काटेकोरपणे पाळावी. शेवटी, चित्र न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला कथा वाचून दाखवावी. तिला ती कळली नाही, तर चित्रावर सोडून दिलेला तपशील मजकुरात आणावा.