मीटरने दरवाजा पकडला, पण तारीख कोण पकडणार?

इंदूरच्या सुदामानगरहून एका काकांनी विचारलंय, आणि या महिन्यातला हा असाच तिसरा प्रश्न आहे, फक्त गाडीचा रंग वेगळा. 2024 च्या दसऱ्याला, म्हणजे 12 ऑक्टोबरला, 11 लाख 40 हजार देऊन गडद निळी नवी गाडी घेतली. चार महिन्यांनी सिरॅमिक कोटिंगला नेली तर डिटेलिंगवाल्या पोराने रंगाची जाडी मोजायचा मीटर लावून सांगितलं, काका, डावा मागचा दरवाजा परत रंगवलेला आहे. तेव्हापासून शोरूमशी ईमेल चालू. आता 2026 चा जुलै संपत आलाय आणि ते म्हणतात, चला, दरवाजा फुकट पेंट करून देतो, दोन दिवस गाडी सोडा. काकांचा प्रश्न, सोडू का?

गाडी सोडू नका. तो दरवाजाच तुमचा साक्षीदार आहे, तो घासून नवा रंग मारला की तुमच्याकडे उरतं काय? शिवाय गाडी परत देताना 'पूर्ण समाधान' छापलेल्या कागदावर सही घेणारच.

पण खरी अडचण दरवाजाची नाहीच, तारखेची आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69, तक्रार दाखल करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं, बस. तुमची दोन वर्षं डिलिव्हरीपासून मोजली तर ऑक्टोबर 2026 च्या दुसऱ्या आठवड्यात संपतात, 10 तारखेला दुसरा शनिवार, 11 ला रविवार, म्हणजे शेवटच्या दिवशी पळापळ करायचीही सोय नाही. तुम्ही म्हणाल मला कळलंच फेब्रुवारी 2025 मध्ये, तर दोन वर्षं तिथून मोजा. हा मुद्दा मी मांडीनच, ग्राहक आयोग मानेलही कदाचित, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. आणि राग मानू नका काका, दीड वर्ष ईमेल लिहीत बसलात ते कशासाठी? ईमेलने मुदत थांबत नाही, नोटिशीनेही नाही. समोरचा गोड बोलून दिवस काढतो तो याचसाठी. उशीर माफ करायची सोय त्याच कलमात आहे, पण कारण सबळ लागतं आणि 'ते पुढच्या सर्व्हिसला बघू म्हणाले' हे सबळ कारण नव्हे. सप्टेंबर संपायच्या आत दाखल करायचं. ई-जागृती या सरकारी ग्राहक-तक्रार पोर्टलवर ऑनलाइन होतं, 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये आहे, इंदूरच्याच जिल्हा आयोगात चालेल.

पुरावा मात्र नीट पाहिजे. तुम्ही फोटो पाठवलेत त्यात छतावर 112, बॉनेटवर 118 आणि त्या दरवाजावर 268, हँडलखाली तर 410 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 च्या आसपास असतो, 410 म्हणजे आत पुट्टी भरलीय असाच अंदाज. (बंपरवर रीडिंग येत नाही म्हणून घाबरलात, तो प्लास्टिकचा आहे, साधा मीटर तिथे चालतच नाही.) दरवाजाचं रबर हळूच ओढून बघा, मास्किंग टेपची कड सापडली तर जवळून फोटो काढा. मग लायसन्स असलेल्या सर्व्हेअरकडून सगळ्या पॅनलची रीडिंग लेखी घ्या, गाडी नंबर आणि चॅसी नंबरसकट, त्याचं शपथपत्रही लागेल. डिटेलिंगवाल्या पोराचा व्हिडिओ चांगला आहे, पण कोर्टात तेवढ्याने भागत नाही. आणि तोपर्यंत त्या दरवाजावर कंपाउंड, रबिंग, पॉलिश काहीच नको, क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासला की रीडिंग बदलते आणि समोरचा वकील नेमका त्यावरच बोट ठेवतो. साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने पुसा, झालं.

डिलिव्हरीला 'गाडी तपासून घेतली' वर सही केलीत त्याचं मला फार टेन्शन नाही, हार घातलेल्या गाडीत मायक्रॉन कुणाला दिसतात? गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही केसमध्ये प्रतिवादी करू, पण फक्त डीलरच्या लपवाछपवीसाठी तिला जबाबदार धरता येईलच असं नाही, 2021 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने कंपनीला हे माहीत होतं याचा पुरावा मागितलाय. नवी गाडी बदलून मिळेल का? मी तरी आशा लावत नाही, किंमत घटल्याची भरपाई आणि त्रासाचे थोडे पैसे, इतकं धरून चला. कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. वाचायला छान वाटतं, तारखा पडायला लागल्या की समजेल.

येताना इन्व्हॉइस, डिलिव्हरी नोट आणि सगळे ईमेल तारखेनुसार प्रिंट करून आणा. मागचे एक गृहस्थ मोबाइलवर स्क्रोल करत बसले, पाऊण तास त्यातच गेला.