बोअर मारताना जमीन हादरते, त्या हादऱ्यांवरून आजूबाजूचं पाणी शोधता येईल का?

मोहोळकडे डाळिंबाच्या बागेत तुमचे दोन बोअर कोरडे गेले, आता तिसरा मारताना गाडीच्या हादऱ्यांवरूनच खालचं चित्र काढता येईल का, असं तुम्ही विचारलंय. कल्पना वेडगळ नाही. मी सोलापूरचाच, पण काही वर्षं तेलविहिरींवर हेच काम केलं.

तिथे रॉडच्या टोकाला तीन दातेरी चक्रांचं बिट असतं, ते खडक ठेचत खाली जातं. प्रत्येक दणक्याची लहर खडकातून पसरते आणि जमिनीवर मांडलेले जिओफोन ती टिपतात. एरवी अशी लहर सुरुंग उडवून काढतात; तो एकदाच उडतो, त्याची वेळ ठाऊक असते. इथे मात्र अखंड खडखडाट. मग लहर निघाली कधी? त्यासाठी रॉडच्या माथ्यावर आणखी एक सेन्सर लावतात. पोलादातून कंपन सेकंदाला सुमारे ५००० मीटर धावतं, म्हणजे १००० मीटर रॉड चढायला ०.२ सेकंद. माथ्यावरची आणि जिओफोनची नोंद एकमेकींवर सरकवत नेली की एका जागी जुळतात. जितकं सरकवलं त्यात रॉडमधला वेळ मिळवला की खडकातल्या प्रवासाचा वेळ निघतो. ड्रिलिंग थांबवावं लागत नाही, हे त्यातलं सुख. पुढे कृत्रिम हिऱ्याची पीडीसी बिटं आली. ती खडक ठेचत नाहीत, तासतात. आमचा आवाजच बसला!

आपल्या बोअरगाडीच्या हॅमरला आवाजाचा तोटा नाही. पण ठोके इतके एकसारखे की हा ठोका कुठला नि आधीचा कुठला, याचा घोळ होतो. वर कॉम्प्रेसरचा धडधडाट. तेही निस्तरता येईल, पण खरी मेख पुढे आहे. वरचा मुरूम बारीक, म्हणजे जलद कंपनं खाऊन टाकतो, उरतात जाडजूड, संथ. घट्ट काळ्या पाषाणात वेग ५००० मीटर धरला, तर सेकंदाला ५० कंपनांची लहर १०० मीटर लांब होते. आणि तुमचं पाणी यायचं वीतभर भेगेतून, फार तर मांजऱ्या, म्हणजे मऊ, छिद्राळ खडकाच्या पट्ट्यातून. एवढ्या लांब लहरीला ती भेग जाणवतच नाही. शेजारच्या किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोल विंधन घेतलं, तिथे सुमारे ३४० मीटरवर पाषाण संपून खाली वेगळाच खडक लागला. असली मोठी हद्द या पद्धतीने दिसू शकते, पण ती शोधायला तुम्ही बोअर मारत नाही.

तिसऱ्या बोअरआधी विद्युत रोधाची मोजणी, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालचा थर तिला किती अडवतो ते मोजणं, करून घ्या. तीही हमखास नाही, पण पाणाड्याच्या नारळापेक्षा बरी. आणि गाडी आली की वही घेऊन बसा: प्रत्येक रॉडला किती मिनिटं लागली, हॅमरचा सूर कुठे बदलला, लाल माती कितव्या फुटाला आली, भुकटी कुठे ओली झाली. गाडीवरचा जुना माणूस हे कानानेच ओळखतो, त्यालाच विचारत लिहा. आधीच्या दोन बोअरचं यातलं काही आठवत असेल तर इथेच कळवा, बघून सांगतो.